मीठ अंदाजे म्हणजे नेमकं किती?

सेलूहून एका काकांचं पत्र आलंय. वय ६१, एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते, आता रिटायर. काकू लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणाला पुण्याला गेल्यात, चार महिने तरी येणार नाहीत, घरी हे एकटेच. जाताना काकूंनी एका वहीत सगळा स्वयंपाक लिहून दिला. पुढचं त्यांच्याच शब्दात देते.

"ताई, वहीत सगळीकडं एकच लिहिलंय, मीठ अंदाजे, पाणी लागेल तसं, होईपर्यंत शिजवणे. मला कुठला आलाय अंदाज. मग मोबाईलवर व्हिडिओ लावून करतो, तर त्यातलं एखादं सामान घरात नसलं की तिथंच अडतो, आणि व्हिडिओ मागंपुढं करीपर्यंत इकडं फोडणी जळते. दर दहा मिनिटाला पुण्याला फोन लावणं बरं वाटत नाही, ती तिकडं लेकीचं बघायलीय. मेसचा डबा लावला होता, त्यातल्या तेलानं पित्त व्हायलं. मला कुणाला न विचारता, कुठं न बघता रोजचं साधं जेवण करता यायला पाहिजे. ह्या वयात जमंल का?"

जमंल काका. वयाचा ह्यात काही संबंध नाही. पण आधी त्या वहीबद्दल बोलू, कारण सगळी गाठ तिथंच बसलीय. काकूंनी तुमच्यापासून काही लपवलं नाही, त्यांना खरंच आकड्यात सांगता येत नाही, कारण त्यांनी कधी मोजलंच नाही, हातानं मीठ घ्यायचं, टाकायचं, चाखायचं, असं कितीतरी वर्षं चाललंय. आणि आपण समजतो की हे अंदाज प्रकरण बायकांना जन्मतःच येतं. नाही हो येत. माझी आई पहिल्यांदा अंबाजोगाईहून माझ्याकडं लातूरला राहायला आली तेव्हाची गोष्ट आहे, चाळीस वर्षं पंचवीस माणसांच्या घरात रांधलेली बाई, आणि माझ्या किचनमधी दोन दिवस तिची भाजी खारट, वरण खारट, तिलाच इतकं वाईट वाटलं की ती जेवायला बसंना. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझा मिठाचा डबा काढला, चमचाभर मीठ तळहातावर घेतलं आणि बोटानं चोळून बघितलं. घरी तिचं खडेमीठ होतं, जाडंभरडं कुटलेलं, आणि माझं पुड्यातलं बारीक, बारीक मीठ चमच्यात दाबून बसतं त्यामुळं तेवढ्याच चमच्यात जास्त मावतं. त्या दिवसापासून तिचा हात बरोबर पडायला लागला. म्हणजे बघा, डबा बदलला तर चाळीस वर्षांचा अंदाज चुकला, आणि दोनदा चाखून, एकदा हातात घेऊन बघितल्यावर परत बसला. अंदाज म्हणजे एवढंच असतं काका, चाखून चाखून बसवलेलं माप.

म्हणून पहिलं काम, एक वाटी ठरवा, एक चमचा ठरवा, एक भगुणं ठरवा, आणि महिनाभर बदलू नका. काकू डाळ कुठल्या वाटीनं घेतात तेवढं एकदा विचारून घ्या, तीच वाटी घ्या.

दुसरं म्हणजे व्हिडिओ बंद करा. व्हिडिओ वाईट असतात म्हणून सांगत नाही, मी पण बघते, पण शिकणाऱ्या माणसाचा त्यात एक मोठा घोटाळा होतो, आज पनीर, उद्या पुलाव, परवा आणखी काय, एकच गोष्ट सलग दोनदा होत नाही मग हाताला काही लक्षातच राहत नाही. तुम्ही वर्कशॉपात एकच इंजिन शंभरदा खोलल्यावर आवाजावरून फॉल्ट सांगायला लागला असाल, पहिल्या दिवशी नाही. आणि व्हिडिओवाल्या बाईला तुमच्या घरातलं पाणी माहीत नाही, तुमची डाळ किती जुनी ते माहीत नाही, तुमचा गॅस कसा आहे ते माहीत नाही.

पाण्याचं मी मुद्दाम सांगायले. २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते सगळ्या देशानं बघितलं. त्या दिवसात घरात कधी बोअरचं पाणी, कधी टँकरचं, जे मिळंल ते, आणि तीच डाळ, तोच कुकर, तरी एक दिवस लोण्यासारखी व्हायची आणि एक दिवस सहा शिट्ट्या घेऊन पण दाणा दाणा वेगळा. मी आधी दुकानदाराला बोल लावला. मग लक्षात आलं की बोअरच्या पाण्याचा दिवस आणि न शिजलेल्या डाळीचा दिवस एकच असतो. जड पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असतं, ते डाळीच्या आतलं जे एकमेकांना धरून ठेवणारं असतं त्याला आणखी घट्ट करतं, मग डाळ मऊच होत नाही. आपल्या मराठवाड्यात घरोघरी बोअर आहे त्यामुळं हे समजून घेणं लई गरजेचं आहे, नाहीतर माणूस स्वतःलाच दोष देत बसतो की मला साधं वरण येईना. डाळ शिजवायला आरओ फिल्टरचं नाहीतर नळाचं पाणी घ्या, धुवायला बोअरचं चालतं. खायचा सोडा टाकला तर शिजते लवकर पण चव पार उतरते, मी टाकत नाही.

आता पंधरा दिवस फक्त वरण. कंटाळवाणं वाटंल, पण ऐका माझं. तुम्हाला एकट्याला अर्धी वाटी तूरडाळ दोन वेळ पुरती होते. तीन पाण्यानं धुवा, अर्धा तास भिजू द्या, मग कुकरात दीड वाटी पाणी, चिमूटभर हळद, हिंग आणि चार थेंब तेल, तेलानं फेस वर येऊन शिट्टीत अडकत नाही. टोमॅटो, चिंच, काहीच आंबट आत्ता टाकायचं नाही, आंबटानं पण डाळ शिजायची थांबते, ते सगळं नंतर. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा आणि घड्याळ बघा, दहा मिनिटं. शिट्ट्या मोजू नका काका, शिट्टी गॅस मोठा की बारीक, रबर नवं की जुनं ह्याच्यावर कमीजास्त होते, मिनिटं तशी होत नाहीत. वाफ आपली आपण जाऊ द्या. झाकण उघडलं की एक दाणा अंगठा आणि बोटात धरून दाबा, मधी कणी लागली तर परत पाच मिनिटं ठेवा, पूर्ण पसरला तर झालं. काकूंच्या वहीतलं "होईपर्यंत" म्हणजे हा दाणा. बहुतेक पदार्थाला असा एक दाणा असतोच, भाताला शीत, बटाट्याला सुरीचं टोक, वांग्याला देठाजवळचा भाग, तो दाबायला शिकला की मिनिटं पण लागत नाहीत.

फोडणीचं जरा सविस्तर सांगते कारण तुमची तिथंच जळते, आणि जळते ती तुम्ही हळू आहात म्हणून नाही, तयारी नसते म्हणून. गॅस पेटवायच्या आधी एका ताटात सगळं काढून ठेवायचं, मोहरी, जिरं, पाच-सहा लसणाच्या ठेचलेल्या पाकळ्या, कढीपत्ता, हिंग, हळद, तिखट, आणि शिजलेली डाळ बाजूलाच घोटून तयार. डबे उघडून ठेवा. मग कढल्यात दोन चमचे तेल घालून गॅस मध्यम. आता नुसतं थांबा. तेल पातळ होतं, कढलं जरा हलवलं तर पाण्यासारखं पळतं. एकच मोहरी टाकून बघा. तळाशी जाऊन गप पडली तर तेल कच्चं आहे, आणखी थांबा. टाकताच फिरायला लागली, तडकली, तर बाकीची टाका. धूर निघाला तर उशीर झाला, गॅस बंद करून मिनिटभर जाऊ द्या. मोहरीच्या आत थोडं पाणी असतं, त्याची वाफ होते आणि साल फोडून बाहेर येते, तोच तडतड आवाज. आवाज जोरात चालू होतो आणि मग विरळ होत जातो, विरळ झाला की गॅस बारीक, जिरं टाका, लसूण टाका. लसूण कडंनं बदामी दिसला की कढीपत्ता, जरा लांबून टाका कारण ओला असतो, उडतो. मग हिंग, आणि आता गॅस बंद. ऐकलं का, बंद. हळद आणि तिखट गॅस बंद करूनच टाकायचं, तेलात तेवढी धग असतेच, तिखट सगळ्यात लवकर जळतं, दोन-तीन सेकंदात लालाचं काळं होतं. रंग खुलला की लगेच डाळीवर ओता, जो चर्र आवाज येईल तो पुढचे चार महिने लक्षात ठेवा.

आणि एवढं करून जळलीच तर टाकून द्या. मनापासून सांगते, दोन चमचे तेलाचा जीव बघू नका, जळकी फोडणी भगुणंभर वरणात ओतली तर ते काहीच करून सुधरत नाही. कढलं पुसून परत करा. मी आजही टाकून देते कधी कधी, फोन आला, दारावर कुणी आलं की होतंच.

तुम्ही आवाजाचे माणूस आहात म्हणून आणखी एक सांगते. कांदा परतताना डोळ्यापेक्षा कान लवकर सांगतो. कच्च्या कांद्यात पाणी असतं, टाकला की जोरात ओला आवाज येतो, पाणी उडत गेलं की आवाज बारीक, कोरडा होत जातो, तिथून पुढं कांदा झपकन लाल होतो, तेव्हा जाग्यावरून हलायचं नाही. वास पण बदलतो, आधी डोळ्याला झोंबणारा, मग गोडसर. हे मी लिहून किती सांगू, चार दिवस मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून कांदा परता, आपोआप कळंल.

आता मीठ, तुमचा मूळ प्रश्न. अर्ध्या वाटी डाळीच्या वरणाला चहाच्या चमच्यानं अर्धा चमचा बारीक मीठ टाका, ढवळा, एक उकळी येऊ द्या आणि मग चाखा. पळीतून तोंडाला लावू नका, उकळतं चाखलं तर जीभ भाजते आणि मीठ पण कळत नाही, तळहातावर थेंबभर घ्या, फुंकर मारा, मग. कमी वाटलं तर चिमटीनं वाढवा, परत ढवळा, परत चाखा. एक वेळ अशी येते की वरण खारट तर लागत नाही पण डाळीची चव एकदम वर येते, लसूण कळतो, तिखट कळतं. तिथं थांबायचं. किती चिमट्या लागल्या ते त्या दिवशी वहीत लिहून ठेवा. भाकरीत आपण मीठ घालत नाही, म्हणून भाकरीसंगं खायचं कालवण नुसतं चाखताना जरा चढच लागलं पाहिजे, चाखताना भाकरीचा तुकडा बुडवून चाखला तर बरोबर कळतं.

नैवेद्याचा स्वयंपाक आपल्याकडं चाखत नाहीत, माझी आजी पुरणावरणाचा सगळा स्वयंपाक न चाखता करायची, आमटीवरून हात फिरवून वास घ्यायची आणि सांगायची मीठ कमी आहे. लहानपणी मला तो चमत्कार वाटायचा. पण सणाचे चार दिवस सोडले तर बाकी वर्षभर ती प्रत्येक भगुण्यातलं चाखत होती. तुम्ही सध्या दर टप्प्याला चाखा, कच्चं, अर्धं शिजलेलं, शिजलेलं, लाजू नका.

चव सपक लागली तर मसाला वाढवायच्या आधी मीठ बघा. मीठ बरोबर असून पण काहीतरी कमी वाटतंय तर आंबट बघा, लिंबाचे चार थेंब किंवा बोटभर चिंचेचा कोळ. आंबट टोचायला लागलं तर सुपारीएवढा गूळ. तिखट शेवटी. मी ह्याच क्रमानं जाते आणि बहुतेक वेळा दुसऱ्या पायरीलाच गाडी रुळावर येते. खारट झालं तर डाळ किंवा पाणी वाढवा, दुसरा उपाय नाही. कणकेचा गोळा टाका म्हणतात, तो गोळा खारं पाणी पितो हे खरं, पण भगुण्यात उरलेलं तेवढंच खारट राहतं.

आठ दिवसात वरण हाताखाली आलं की फोडणी बदलायची, डाळ तीच. एक दिवस मोहरीसंगं पाच-सहा मेथीदाणे आणि वरून चिंचगूळ, झाली आंबटगोड आमटी. एक दिवस शिजलेल्या डाळीत चिरलेला पालक नाहीतर घोळीची पालेभाजी टाकून दाण्याचं कूट घालून घोटा, झालं गरगट्टं. वरण पातळ करून उकळायला ठेवा आणि त्यात कणकेच्या लाटलेल्या पोळीचे तुकडे सोडा, एकेक करून, चिकटतात नाहीतर, झाल्या चकोल्या, रात्री भांडं एकच. वहीत ह्या सगळ्याला वेगवेगळी पानं असतील, पण करताना तुमच्या लक्षात येईल की पहिली दहा मिनिटं एकच काम चाललंय. मी रेसिपी सोडून स्वयंपाक कधी करायला लागले तर हे दिसायला लागलं तेव्हा, त्याच्या आधी मला पण प्रत्येक भाजी म्हणजे नवी परीक्षा वाटायची.

भाज्यांचं पण तसंच. दोनच रीती धरा सध्या. एक सुकी, स्वतःच्या पाण्यात शिजणारी, दोडका, भोपळा, कोबी, फोडणीत परतायचं, वर ताटली झाकून ताटलीत पाणी ओतायचं, आतली वाफ थंड ताटलीला लागून परत भाजीत पडते, करपत नाही. भेंडीला हे करू नका, भेंडी धुवून पुसून मगच चिरा, झाकण नाही, मीठ शेवटी, नाहीतर तार सुटते. पालेभाजीला पण मीठ शेवटी, कढईभर मेथी बसून बसून वाटीभर होते आणि आधी अंदाजानं टाकलेलं मीठ मग डबल लागतं, हा माझा कितीदा झालेला घोळ आहे.

दुसरी रीत रश्शाची, वांगं, बटाटा, शेवगा. आणि इथं तुम्हाला एक फार मोठी मदत घरातच आहे, येसर. काकूंनी जाताना करून ठेवलाच असंल, फडताळात मागच्या बाजूला बघा, तपकिरी पिठासारखं, डबा उघडला की भाजलेल्या धान्याचा, धने-खोबऱ्याचा वास येईल. त्यात मसाला पण आहे आणि रस्सा दाट करायचं काम पण तेच करतं. दोन चमचे येसर आधी वाटीत गार पाण्यात कालवा, गुठळी राहू देऊ नका, मग उकळत्या रश्श्यात सोडा आणि ढवळत राहा, कोरडं टाकलं तर गोळे होतात. पाच मिनिटं उकळू द्या, कडंला तेल दिसायला लागलं की झालं. येसर, कूट आणि लसूण घरात असला तर टोपलीत दोन वांगी आहेत का तीन बटाटे आहेत ह्यानं काही फरक पडत नाही, जेवण होतं. सामान संपलं म्हणून अडणं इथं बंद होईल बघा, कारण टोमॅटो नसला तर चिंच आहे, कूट नसलं तर तीळ आहेत, कोथिंबीर नसली तर नाही.

भात एका वाटीला दोन वाट्या पाणी, तांदूळ नवा असला तर जरा कमी.

भाकरीची घाई करू नका. पहिला महिना विकत आणा, सेलूत भाकरी करून देणाऱ्या बाया सापडतील कुणीतरी, त्यांना पण चार पैसे मिळतील. नंतर शिकायचीच असली तर एवढं ध्यानात ठेवा की ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून आधणाचं पाणी घालून मळतात, गरम पाण्यानं पीठ चिकट होतं आणि थापताना फुटत नाही. आणि पीठ ताजं पाहिजे. महिनाभर पडलेल्या पिठाची विरी, म्हणजे धरून ठेवायचा चिकटपणा, जाते, मग मोठमोठ्या सुगरणींची पण भाकरी चिरते. गिरणीतून एकावेळी दोन किलोच्या वर दळून आणू नका, एकटे आहात. तळहाताएवढ्या भाकरीनं सुरू करा, परातीत पीठ जास्त भुरभुरा, तव्यावर टाकली की वरच्या बाजूला पाणी फिरवा, ते पाणी सुकायच्या आत उलटा. पंधरा-वीस बिघडतील. गाईला घाला.

शेवटी फोनचं. काकूंना फोन करू नका असं मी अजिबात म्हणणार नाही, उलट करा, फक्त विचारायचं बदला. "मीठ किती" विचारलं की त्या "अंदाजानं टाका" म्हणणार आणि तुम्ही दोघं पण वैतागणार. "मीठ बरोबर झालं हे तुला कशावरून कळतं", "कांदा कुठल्या रंगावर थांबवतेस", "डाळ घोटतेस का तशीच ठेवतेस", असं विचारा, त्या दहा मिनिटं बोलतील बघा, ह्या गोष्टी त्यांना आजपर्यंत कुणी विचारल्या नसतील. दुपारी बाळ झोपल्यावर लावा, कढई गॅसवर असताना नाही. आणि त्या जे सांगतील ते वहीत त्यांच्या "अंदाजे" च्या शेजारी पेन्सिलीनं लिहीत चला, तुमची वाटी, तुमचा चमचा, तुमच्या किती चिमट्या.

येसरचा डबा सापडला नाही तर तसं कळवा, आमच्याकडं ह्याच महिन्यात केलाय, लातूरहून एसटीच्या पार्सलनं पाठवून देते.